कारकूनबाईंचा विमा हरवला

१

लोखंडी कपाट उघडे होते, त्यातली निळी फाइल उघडी होती, आणि फाइलमध्ये काहीच नव्हते.

"फाइलवर माझ्याच अक्षरात 'विमा' असं लिहिलंय, बाई," व्हर्लीन हान्झेल्का म्हणाली. "आत मात्र नुसती हवा."

हर्लिंडा सेपुल्वेदा दारातच थबकल्या. त्यांच्या हातात तमालेंचा डबा होता. मक्याच्या पिठात सारण भरून मक्याच्या सालीत वाफवलेल्या, अजून गरम. दरवर्षी एकतीस डिसेंबरला हा डबा कोर्टात पोचवायचा, चार जुन्या विद्यार्थ्यांची चौकशी करायची आणि घरी जायचे, एवढाच त्यांचा बेत असे. लिपोव्हा गावच्या शाळेत त्यांनी चौतीस वर्षे तिसरीचा वर्ग शिकवला होता. त्यामुळे पन्नाशी ओलांडलेल्या व्हर्लीनपासून तिच्या तरुण सहायकापर्यंत कोर्टातल्या बहुतेकांना पाढे त्यांनीच शिकवले होते, आणि त्यांना सगळे 'बाई'च म्हणत.

"खाली बस," बाई म्हणाल्या. "आणि पहिल्यापासून सांग. निबंधाला सुरुवात असते ना, तशी."

व्हर्लीन बसली. पाचदा निवडून आलेली, हॅलबर्ट काउंटीच्या कोर्टाची मुख्य कारकून. पण चेहरा गृहपाठ विसरलेल्या मुलीसारखा झाला होता.

"उद्या माझी पाचवी शपथ. त्याआधी विम्याचं मूळ प्रमाणपत्र काउंटीच्या मंडळापुढे ठेवावं लागतं. मंडळाची बैठक आज बारा वाजता. कागद नसेल तर शपथ नाही. शपथ नाही तर खुर्ची रिकामी."

"लोकांनी निवडून दिलं तरी?"

"तरी. आमच्या हातून एखादा हुकूम भलत्या फाइलला लागला, एखादी तारीख चुकली, तर कुणाची जमीन जाते, कुणाचं पोर वर्षभर अडकून पडतं. त्या माणसाची भरपाई कुठून होणार? माझ्या पगारातून? म्हणून हा विमा. नियम चांगला आहे हो, बाई. मीच दर वर्षी नव्या लोकांना समजावून सांगते." ती कसनुशी हसली. "चुकांचा विमा, आणि तोच चुकून हरवला."

भिंतीवरच्या घड्याळात सव्वानऊ झाले होते.

"कपाटाच्या किल्ल्या किती?"

"दोन. एक माझ्याकडे." व्हर्लीनने आवाज खाली आणला. "दुसरी ड्वेनकडे."

ड्वेन कुबेना म्हणजे तिचा सहायक. मार्चमध्ये तो तिच्याविरुद्धच निवडणुकीला उभा राहिला होता आणि एक्केचाळीस मतांनी पडला होता. खुर्ची रिकामी झाली तर ती कोणाला मिळेल, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

२

विमा एजंट लॉनी फोइटिक दहा मिनिटांत धावत आला. डोक्यावर टोपी, टोपीवर दीपगृहाचे चित्र. लॉनीच्या कंपनीचे चिन्ह दीपगृह होते. समुद्र जिथून दोनशे मैल लांब, त्या गावात घरोघरी दीपगृहाच्या दिनदर्शिका आणि दीपगृहाच्या पेन्सिली होत्या त्या लॉनीच्याच कृपेने. आल्याआल्या त्याने बाईंच्या हातातही एक पेन्सिल ठेवली.

"घ्या, बाई. शब्दकोड्याला होईल."

"लॉनी, तू तो कागद खरंच दिला होतास का?"

लॉनीचे कान लाल झाले. "बाई! तिसरीत मी गृहपाठ कुत्र्याने खाल्ला म्हणायचो, ते तुम्ही अजून धरून बसलात?"

"तुमच्या घरी तेव्हा कुत्रंच नव्हतं, म्हणून लक्षात राहिलं."

व्हर्लीनला त्याही स्थितीत हसू आले. "काल सकाळी दिला होता, बाई. मी पाहिलंय. मी फोनवर होते, हातानेच खूण केली, ठेव म्हणून. त्याने काउंटरवर ठेवला. जाड पांढरा कागद, खाली कंपनीची उठावाची मोहर. फोन झाल्यावर मी आतल्या खोलीतून दुसरी फाइल आणायला गेले. परत आले तर कागद नव्हता. मला वाटलं, ड्वेनने कपाटात ठेवला."

"दुसरी प्रत काढता येणार नाही?"

"साध्या प्रती म्हणाल तेवढ्या काढतो," लॉनी म्हणाला. "पण मंडळाला मूळ हवी, मोहर उठवलेली. मोहर डॅलसच्या कचेरीत, आणि कचेरीला दोन तारखेपर्यंत कुलूप."

"कागद ठेवल्यावर तू कुठे गेलास?"

लॉनी घुटमळला. "बाहेर व्हरांड्यात. टेबलावर कोलाची ठेवल्या होत्या. गोड पाव असतात ना ते, जर्दाळूचा मुरंबा भरलेले."

"किती खाल्ल्यास?"

"ते चौकशीचा भाग आहे का?"

"किती वेळ उभा होतास ते कळेल."

"चार," लॉनी पुटपुटला. "म्हणजे पंधरा मिनिटं. आत शिक्क्याचं मशीन ठाक करून वाजलं, टाळ्या वाजल्या, हसणं ऐकू आलं. मग परत एकदा ठाक. मग आतली नटूनथटून आलेली मंडळी फुगे घेऊन बाहेर पडली."

बाईंनी वर पाहिले. व्हरांड्याच्या उंच छताला एक पिवळा फुगा अजून चिकटून होता.

"आणखी एक सांगू?" लॉनी दाराकडे पाहत हळूच म्हणाला. "मी निघालो तेव्हा ड्वेन काउंटरवरचे कागद घाईघाईने गोळा करत होता. एका तपकिरी पाकिटात घातले आणि पाकीट चिकटवून टाकलं. काय होतं त्यात, देव जाणे."

३

ड्वेन कुबेना काउंटरमागे उभा होता. छत्तीस वर्षांचा, उंच, आणि आत्ता चांगलाच तापलेला.

"माझ्यावर संशय आहे ना, बाई? मॅडम सकाळपासून माझ्याशी बोलत नाहीत. कॉफीसुद्धा स्वतःच करून घेतली. नऊ वर्षांत पहिल्यांदा."

"मग आधी तमाले खा," बाई म्हणाल्या. "भुकेल्या माणसाची साक्ष मी घेत नाही."

अर्धी तमाले पोटात गेल्यावर ड्वेनचा आवाज एक पट्टी उतरला.

"निवडणूक हरलो, ठीक आहे. पुढच्या वेळी परत लढेन. पण चोरी करून मिळालेल्या खुर्चीवर बसलो तर माझी आजी मला घरात घेणार नाही."

"काल त्या पाकिटात काय घातलंस?"

"दत्तकाच्या प्रकरणाचे कागद." त्याने लगेच ओठ घट्ट मिटले. "ते प्रकरण मोहरबंद आहे, बाई. त्याबद्दल मला बोलता येत नाही."

"प्रकरणाबद्दल नको बोलूस. कामाबद्दल बोल. पाकीट कसं बंद करतात?"

हे सांगायला ड्वेनला आवडले. मान जरा ताठ झाली.

"मॅडमचा नियम आहे. दत्तकाचे कागद कधी वाचायचे नाहीत. गावात सगळे एकमेकांना ओळखतात. कुणाचं पोर कुठून आलं ते आमच्या डोळ्यांना कळायला नको. म्हणून कागद उलटे करायचे, पाठीवरून मोजायचे, पाकिटात घालायचे, वर आकडा लिहायचा, लाख लावायची. नऊ वर्षांत एकही कागद मी वाचलेला नाही."

"शाबास," बाई म्हणाल्या, आणि मनापासून म्हणाल्या. "आणि हे पायाखालचं स्टूल कुणाचं? तुला तर त्याची गरज नाही."

शिक्क्याच्या मशीनखाली लाकडाचे एक बुटके स्टूल होते. मशीन काउंटरवर बसवलेले. त्याच्या तोंडात कागद सरकवायचा, दांडा दाबायचा, की तारीख, वेळ आणि क्रमांक कागदावर उमटे.

"ते... साहेबांचा रिवाज आहे. न्यायाधीश टारव्हर साहेबांचा. शेवटच्या हुकमावरचा शिक्का ज्याचा हुकूम त्यानेच मारायचा. आता साडेतीन फुटी माणूस दांड्यापर्यंत कसा पोचणार?" ड्वेनने जीभ चावली. "साडेतीन फुटी असं मी काही म्हटलं नाही!"

"मी काही ऐकलंच नाही," बाई म्हणाल्या. "आणि दुसरा ठाक?"

"कसला दुसरा?"

"लॉनीने चार कोलाची खात दोनदा ठाक ऐकलं. तू कुठे पाहत होतास?"

ड्वेन आठवू लागला. "सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते. ती आई रडत होती. मी... मीही जरा तिकडेच पाहत होतो." त्याने नाक ओढले. "मग सगळे गेले. मशीनपाशी शिक्का बसलेले कागद होते ते गोळा केले आणि नियमाप्रमाणे पाकिटात घातले."

बाई काउंटरपाशी सरकल्या.

"ड्वेन, रोजची वही काढ. कालचं पान."

४

शिक्का बसलेला प्रत्येक कागद वहीत चढत असे. क्रमांक, वेळ, कशाचा कागद. बाईंनी चष्मा पुसला आणि ओळीवर बोट ठेवले.

काल सकाळी दहा चोवीस. क्रमांक ४४१७. मोहरबंद प्रकरण, अंतिम हुकूम. एकूण कागद चौदा. चौदाचा आकडा व्हर्लीनच्या अक्षरात होता. हुकूम यायच्या आधीच तिने यादी मोजून ठेवली होती.

त्याखालची ओळ दहा एक्केचाळीसची. एका वकिलाचा अर्ज. क्रमांक ४४१९.

"मधला कुठे गेला?" बाईंनी विचारले.

व्हर्लीन खांद्यावरून वाकून पाहत होती. "कधी कधी दांड्याला धक्का लागतो, बाई. कागद नसताना मशीन वाजतं आणि आकडा फुकट जातो."

"होऊ शकतं. आता ते पाकीट दाखव. उघडू नकोस, नुसतं दाखव."

ड्वेनने तिजोरीतून तपकिरी पाकीट आणले. मागे लाल लाख. पुढे ड्वेनच्या टपोऱ्या अक्षरात आकडा होता: पंधरा.

व्हर्लीनने वहीतल्या ओळीवर पुन्हा बोट ठेवले.

"यादीत चौदा," व्हर्लीन सावकाश म्हणाली, "आणि पाकिटात पंधरा."

"तुम्ही दोघं ताडून पाहत नाही?"

"पाहतो. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी." व्हर्लीनने कपाळावर हात मारला. "म्हणजे पुढच्या आठवड्यात!"

"मला चित्र असं दिसतं," बाई म्हणाल्या, आणि नकळत त्यांचा आवाज वर्गातला झाला. "एका छोट्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा शिक्का मारला. ठाक! सगळे टाळ्या वाजवतात. इतकी गंमत एकदाच करून कुणाचं मन भरतं? शेजारी एक छान जाड कागद पडलेला. कुणी पाहत नाही. तो घेतला, सरकवला, ठाक! मग ड्वेन आला. शिक्का बसलेले कागद त्याने नियमाप्रमाणे उलटे केले, नियमाप्रमाणे वाचले नाहीत, आणि नियमाप्रमाणे मोहरबंद केले."

"माझाच नियम माझ्याच मुळावर आला म्हणायचा," व्हर्लीन म्हणाली. तिने ड्वेनकडे पाहिले. "ड्वेन, सकाळपासून मी तुला चोर समजत होते रे."

"असू द्या, मॅडम. मलाही वाटत होतं, कागद तुम्हीच हरवलात आणि माझ्यावर ढकलताय."

"असं?" व्हर्लीनचे डोळे मोठे झाले. "मग आपण फिटलो."

ड्वेनचा हात लाखेकडे गेला, आणि व्हर्लीनने तो फटकन मागे ओढला.

"खबरदार! न्यायाधीशांच्या हुकमाशिवाय हे पाकीट उघडणं गुन्हा आहे. माझी खुर्ची जाईल ती जाईल, तू तुरुंगात जाशील."

घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटे झाली होती. आणि न्यायाधीश टारव्हर यांचे व्हर्लीनशी ऑक्टोबरपासून बोलणे नव्हते. तिने भर कोर्टात सहा वकिलांसमोर त्यांची एक तारीख दुरुस्त केली होती. तिची खुर्ची रिकामी झाली, तर नवा माणूस नेमायचा अधिकार त्यांचाच होता.

५

"नाही," टारव्हर साहेब म्हणाले.

मोठ्या टेबलामागे ते सरळ बसले होते. पांढऱ्या मिशा, आणि टेबलावर अर्धी राहिलेली कोलाची.

"साहेब, आकडा निसटलेला आहे. शिवाय कागद एक जास्त," बाई म्हणाल्या.

"मशीन रिकामं वाजलं असेल. ड्वेन मोजताना चुकला असेल. बाई, मी त्या आईबापांना शब्द दिलाय, की हे पाकीट कुणी उघडणार नाही. उद्या कोणीही येऊन म्हणेल, माझा अंदाज आहे की माझी छत्री त्यात आहे! अंदाजावर मी लाख फोडत नाही. पुरावा आणा."

"म्हणजे आत काय आहे ते पाकीट न उघडता दाखवू?"

"तेच. मग मी लगेच सही करतो." साहेबांनी व्हर्लीनकडे पाहिले, नजर वळवली, आणि मिशीतल्या मिशीत म्हणाले, "ती ऑक्टोबरची तारीख चुकलीच होती माझी. नवा माणूस नेमायची मला हौस नाही. पण कायदा तो कायदा."

व्हर्लीन खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. ड्वेन बूट न्याहाळत होता. साडेअकरा झाले.

बाईंना मात्र आपला वर्ग आठवत होता. पावसाचा दिवस असला आणि मुलांना बाहेर सोडता येत नसले, की त्या काय करत? प्रत्येकाला एक नाणे देत. एक कोरा कागद देत. आणि एक पेन्सिल.

"साहेब, पाकिटाला हात लावायला मनाई आहे का?"

"हात लावायला नाही. उघडायला आहे."

"ड्वेन, गठ्ठ्यात शेवटी शिक्का बसलेला कागद कुठे असेल?"

"सगळ्यात वर. मग गठ्ठा उलटा केला, म्हणजे... पाकिटाच्या या बाजूला. अगदी कडेला."

बाईंनी पाकीट सपाट टेबलावर ठेवले. वर टाइपाचा पातळ कागद अंथरला. पर्समधून लॉनीची पेन्सिल काढली, आडवी धरली, आणि अगदी हलक्या हाताने फिरवू लागल्या. बाळाच्या पाठीवरून हात फिरवावा तशी.

"हे काय चाललंय?" साहेब उठून जवळ आले. "थांबा, कळलं. पण बाई, आत उठावाची मोहर असणारच! माझ्या हुकमावर कोर्टाची मोहर असते. तारा निघेल पाहा, पाच टोकांचा तारा."

"तारा निघाला तर मी घरी जाते, साहेब. डबा इथेच ठेवून."

करड्या रंगात आधी एक कड उमटली. गोल. मग गोलाच्या आत एक उभी रेघ आली, शेजारी दुसरी. वर जाताना त्या निमुळत्या होत होत्या. त्यांच्या टोकावर एक छोटी खोली, आणि तिच्या दोन्ही बाजूंना किरण.

ड्वेनच्या तोंडून आधी शब्द फुटला. "दीपगृह!"

साहेबांनी तो कागद उचलून उजेडात धरला. मग बाईंच्या हातातली पेन्सिल घेतली, तिच्यावरचे चित्र पाहिले, कागदावरचे पाहिले.

"माझ्या कोर्टाच्या मोहरेवर," ते गंभीरपणे म्हणाले, "मी अजून दीपगृह पाहिलेलं नाही."

आणि हुकूम लिहायला बसले.

६

हुकमावर ड्वेनने शिक्का मारला तेव्हा अकरा बावन्न झाले होते. लाख फोडताना सगळ्यांनी भिंतीकडे तोंडे फिरवली. ड्वेनने डोळे मिटून कडेचा एक कागद ओढला, उरलेले पाठीवरून मोजले, चौदा भरले, आणि पाकीट पुन्हा बंद केले. मगच सगळे वळले.

विम्याचे प्रमाणपत्र धडधाकट होते. फक्त शिक्का उलटा बसला होता, आणि कोपऱ्यावर जर्दाळूच्या मुरंब्याचे एक बोट होते. फार छोटे.

ड्वेन कागद घेऊन पुढे धावला, व्हर्लीन त्याच्यामागे, साहेब झगा सावरत तिच्यामागे. बाई सगळ्यांत शेवटी, डबा घेऊन.

काउंटीच्या मंडळाचे सर्वांत जुने सदस्य ग्रेडी म्युलर यांनी कागद हातभर लांब धरला. हाडाचे कापूस शेतकरी. बोंडातली एक अळी सुटू द्यायची नाही अशी नजर.

"विमा बरोबर. रक्कम बरोबर. मोहर बरोबर," ते म्हणाले. "पण हा शिक्का उलटा का? आणि कोर्टाचा शिक्का विम्यावर कशाला? कुणी मारला?"

व्हर्लीनने ड्वेनकडे पाहिले. ड्वेनने साहेबांकडे. साहेबांनी छताकडे.

"सांगता येत नाही," तिघेही एकदम म्हणाले.

"म्हणजे?"

"मोहरबंद आहे," साहेब म्हणाले.

म्युलरनी कागद खाली ठेवला. कोपऱ्यावरचे मुरंब्याचे बोट पाहिले. मग उघड्या दारातून व्हरांड्याच्या छताकडे पाहिले. तिथला पिवळा फुगा आता सैल पडून हळूहळू खाली येत होता. काल सकाळी कोण नटूनथटून कोर्टात आले होते हे सगळ्या गावासारखेच त्यांनाही ठाऊक होते, आणि सगळ्या गावासारखेच तेही त्याबद्दल कधी बोलणार नव्हते.

"बरं," ते म्हणाले. "एवढं तर सांगाल? हात कसा आहे त्या कारकुनाचा?"

"जोरदार," ड्वेन म्हणाला. "शाई पार मागे उमटलीय."

"मग व्हर्लीन, अजून पंधरा वर्षं तुझ्या खुर्चीला धोका नाही. त्यानंतरचा मात्र मी शब्द देत नाही." म्युलरनी खिशातून दीपगृहाचे पेन काढले आणि प्रमाणपत्राखाली सही केली. "आता त्या डब्यात काय आहे ते कुणी सांगणार आहे, की तोही मोहरबंद?"

बाईंनी झाकण उघडले.